पहिला बिंदू, शेवटचा बिंदू

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं निकिताने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. म्हणून मी सांगत नाहीये, लिहितेय. बोलताना मला तसेही शब्द वेळेवर सापडत नाहीत. अब्बा खर्ड्याला मोटर रिवायंडिंगच्या दुकानात आहेत आणि अम्मी जामखेडच्या बाजाराला गेली आहे. ती येईपर्यंत घर माझं.

निकिता आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसतो. ती शाळेच्या फाटकातून आत आली की सावलीत पडलेली कुत्रीसुद्धा उठून शेपूट हलवतात. मी त्यांना रोज डब्यातली चपाती टाकते, पण माझ्यासाठी ती डोळेही उघडत नाहीत. माझी अम्मी तिला "मेरी निक्की" म्हणते आणि शीरखुर्मा वाढताना डाव तळापर्यंत घालते, म्हणजे काजू वर यावेत. मला वाढताना डाव वरवर फिरतो. मी कधी काही बोलले नाही, पण मला दिसतं. मला सगळंच दिसतं.

यंदा आम्ही नववीत आहोत. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ढवळे सरांनी ठरवलं की आपल्या गावाचा नकाशा करायचा. ढवळे सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात. निकिता सरांचा जुना मोबाईल घेऊन गावात फिरायची. विहीर असो, पाण्याची टाकी असो, मशीद असो, तिच्याभोवती चालत वळसा घालायचा. चालताना मोबाईलमधलं ॲप थोड्या थोड्या अंतरावर एकेक बिंदू टिपायचं. ते बिंदू शाळेच्या खात्यात जमा व्हायचे आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसून माझ्या प्रोग्रामने त्यांची जेसन फाईल करायची. जेसन म्हणजे नकाशाला कळेल अशी कंसांत आणि स्वल्पविरामांत बसवलेली माहिती. एक कंस चुकला की सगळं अडतं. मला ते आवडायचं. तिथे कुणी हसून वेळ मारून नेऊ शकत नाही.

पहिल्या दिवशी आमचं गाव नकाशावर सापडेचना. शोधलं तर ते पार वर, नॉर्वेच्याही पलीकडे, बर्फाच्या समुद्रात पडलेलं. मी अक्षांश आधी लिहिले होते. जेसनला रेखांश आधी लागतात.

"राहू दे गं तिथंच," निकिता म्हणाली. "पाण्याचा टँकर तरी लागायचा नाही."

सर एवढे हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. चूक मी शोधली आणि दुरुस्तही मीच केली. पण सरांनी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितला तो टँकर.

प्रदर्शनाला एकच मुलगी जाणार होती. नगरला, मोठ्या सभागृहात, नकाशाशेजारी उभं राहून समजावून सांगायला. एक मुलगी आणि एक शिक्षक, असा नियमच होता. मला जायचं होतं. मला इतकं जायचं होतं की मी ते कुणालाही सांगितलं नाही.

२

नकाशावर जागेचा आकार काढायचा तर बिंदूंची रिंग पूर्ण व्हावी लागते. पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू तंतोतंत एकच हवा. चालणारी जिथून निघाली तिथेच परत आली पाहिजे. थोडी जरी फट राहिली तरी तपासणीचा प्रोग्राम लाल अक्षरांत सांगतो, रिंग बंद नाही.

सगळ्या रिंगा बंद झाल्या होत्या. राहिली होती ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळाची.

"इथं काय झालं?" मी निकिताला विचारलं. "अर्ध्यातून परत आलीस का?"

"अर्ध्यातून कशाला? पुरी चालले." ती खुर्चीवर मांडी घालून बोरं खात होती. "पन्हाळीच्या या बाजूनं निघाले, वळसा घातला, त्या बाजूला येऊन थांबले."

"पन्हाळ म्हणजे?"

"गाभाऱ्यातलं पाणी बाहेर येतं ना, ती दगडी. ती ओलांडत नाहीत, अफ्रे. महादेवाची फेरी अशीच असते. तिथपर्यंत जायचं आणि वळायचं."

"का?"

"आई म्हणते नाही ओलांडायची. मी काय तिला पुरावा मागू?" तिने बी तोंडातून थेट खिडकीबाहेर उडवली. "तुमच्यात चप्पल उलटी पडली की तू धावत जाऊन सरळ करतेस. मी विचारते का?"

मी सरांना सांगितलं. सर त्यांच्या मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते. ते म्हणाले, "अगं, देऊळ तिथं राहणार आहे. हा नकाशा आहे. रिंग बंद कर."

निकिताने नुसते खांदे उडवले.

मग मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. रिंग उघडी असेल तर पहिला बिंदू उचलून शेवटी चिकटवायचा. तपासणीने आणखी एक चूक दाखवली. बाहेरची रिंग घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने जायला हवी, असा जिओजेसनचा, म्हणजे नकाशाच्या जेसनचा, नियम आहे. निकिता सगळीकडे घड्याळासारखी फिरली होती, देवळाला फिरतात तशी. म्हणून मी दुसरी ओळ घातली, जी बिंदूंचा क्रम उलटा करते.

बटण दाबलं. लाल अक्षरं गेली. देवळाभोवती निळी रेघ उमटली आणि पन्हाळीवरून सरळ पलीकडे गेली.

"झक्कास," सर म्हणाले. "आता कसं! निकिता, नगरला तू बोल. तुझा आवाज खणखणीत आहे. अफ्रीन, तू तिला मुद्दे काढून दे."

मी हो म्हणाले. माझ्या नखांवर मावसबहिणीच्या, नाझनीनआपाच्या लग्नातली मेंदी अजून होती, तिच्याकडे बघत बसले. लग्नाहून आल्यावर निकिता म्हणाली होती, माझ्याही हातावर काढ ना. मी म्हटलं होतं, कोन संपला. कोन संपला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दे काढायला बसले आणि सहज देवळाची फाईल उघडली. शेवटच्या बिंदूच्या खाली आणखी बिंदू होते.

आधी वाटलं, माझाच प्रोग्राम तेच तेच पुन्हा लिहितोय. पण हे आकडे नवे होते. मी ते नकाशावर टाकले. देवळाभोवती आणखी एक रिंग, पहिल्यापेक्षा थोडी मोठी. तिच्याबाहेर आणखी एक. सगळ्या बंद. सगळ्या उलट्या.

माझ्या मनात लगेच जे आलं ते असं. निकिता आणि सर मला सोडून काम करताहेत. देवळाचं मोजमाप चुकलं असणार आणि दोघांनी मला न सांगता ते पुन्हा करायचं ठरवलं असणार. आता तिला नियमही कळले आहेत. रिंग बंद, दिशा उलटी. म्हणजे तिने माझ्याकडे बघून बघून माझं काम शिकून घेतलं. चालायचं तिने, बोलायचं तिने, आणि आता हेही.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "काल ओढ्याकडे गेली होतीस?"

"काल? काल आमच्याकडे कांद्याची लागण होती. पाठीचं धनुष्य झालंय बघ." ती वाकून आजीबाईसारखी चालून दाखवायला लागली. शेजारच्या मुली हसल्या.

"मोबाईल कुठंय?"

"सरांच्या कपाटात. का गं?"

मी कपाट उघडायला लावलं. मोबाईल होता. बंद होता. चार्जरच सापडत नाही, असं सर म्हणाले. बिंदूंविषयी मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की जीपीएस कधी कधी भरकटतं, मोबाईल एका जागी ठेवला तरी बिंदू उड्या मारतात. हे खरं आहे. मी वाचलं आहे. पण भरकटलेले बिंदू विस्कटलेले असतात, कोंबडीने उकरल्यासारखे. हे एकामागून एक होते, पावलापावलाने.

मी ते पुसून टाकले. निकिता खोटं बोलतेय आणि ते मी पकडणार, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तिच्यात काहीतरी वाईट सापडलं होतं.

४

रोज नव्या रिंगा येत होत्या. मी पुसायचे, त्या पुन्हा असायच्या, आणि बाहेरची प्रत्येक रिंग आदल्यापेक्षा मोठी. ओढा आत आला. मग स्मशानाकडची वाट. मग एक दिवस शाळा.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर निकिता पटांगणातल्या स्टेजवर भाषणाचा सराव करत होती. सरांनी तिला बॅटरीवरचा माइकसुद्धा लावून दिला होता. मी कॉम्प्युटरच्या खोलीत एकटी होते. ही खोली शाळेच्या मागच्या अंगाला सुटी बांधली आहे, चारही बाजूंनी मोकळी. लाईट गेलेली, यूपीएस मधूनमधून टूं करत होता.

तेव्हा भिंतीवरून आवाज आला.

अंधारात जाताना आपण भिंतीला हात लावून चालतो, तसा. तळहात खरखरीत गिलाव्यावरून ओढत नेल्याचा. माझ्या समोरच्या भिंतीबाहेरून तो उजवीकडून डावीकडे गेला. कोपऱ्याशी थांबला नाही. वळला आणि डावीकडच्या भिंतीवरून मागे जायला लागला. खिडकीपाशी भिंत संपते तिथे हात उचलल्यासारखा आवाज बंद झाला, मग खिडकी ओलांडून पुन्हा सुरू.

खिडकीतून कुणी दिसलं नाही. खिडकी उघडी होती.

मला वाटलं, निकिताच. मला घाबरवायला आली. मी ओठ आवळून बसले, तिला तो आनंद द्यायचा नाही म्हणून. आवाज मागच्या भिंतीवर गेला. मग उजवीकडच्या. त्या भिंतीत दार आहे. दार नुसतं लोटलेलं होतं.

दाराच्या लाकडावरून तळहात फिरला, अगदी हलका, आणि पुढे गेला.

आणि नेमक्या त्याच वेळी माइकवरून निकिताचा आवाज आला. "आदरणीय परीक्षक आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो, आमच्या या नकाशात एकही चूक नाही." ती अडखळली आणि मोठ्याने हसली. "सर, थांबा ना, परत घेते."

ती स्टेजवर होती.

मी बाहेर आले तेव्हा कुणी नव्हतं. गुरं राखणाऱ्या कडूबाई कुंपणापलीकडे बाभळीखाली बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, आत्ता इकडून कोण गेलं?"

"कुटं कोन? तूच तर फिरत हुतीस की भितीला हात लावून," त्या म्हणाल्या. "काय हरपलं का तुजं?"

खोलीच्या चारही भिंतींवर कमरेच्या उंचीला ओलसर पट्टा होता. मी बोट लावलं. थंड पाणी. बेलपत्राचा आणि जुन्या दगडाचा वास. मी उभी होते तोवरच उन्हाने तो वाळून गेला, पण मी पाहिला, आणि माझी नजर सहसा चुकत नाही.

५

मग निकिता शाळेत येईना. ताप, असं कळलं. फाईलमधल्या रिंगा आता मोठ्या होत नव्हत्या. त्या एका जागी आल्या होत्या आणि लहान होत चालल्या होत्या. मला ती जागा नकाशावर नाव न वाचताही ओळखता येते. तिथल्या चिंचेखाली मी लहानपणी भातुकली खेळले आहे.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात कचरतोय. मला वाटलं, हेसुद्धा तिच्याचकडे. कोड माझा. बंद रिंग मी केली. शाळेच्या खोलीला वळसा घालून ते पुढे गेलं, दाराला हात लावून गेलं, आत मी बसले होते, आणि गेलं कुठे? निकिताकडे. शेपूट हलवत.

मी संध्याकाळच्या आधी तिच्या घरी गेले. तिची आई, बनुबाई, ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"आलीस का गं बाई. जा, आत हाय. लई ताप हाय. डाक्टर म्हंतो, पाणी बदललं असंल." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "पर तू सारकी भायेरच्या भायेर का जातीस? मगाधरनं हाका मारतीस, आत येत न्हाईस. तिला झोपू बी देईना."

"मी आत्ताच आले, मावशी."

लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

निकिता भिंतीकडे तोंड करून झोपली होती. वेणी सुटली होती. मी तिचे केस कधी सुटलेले बघितले नव्हते, ती शाळेत झोपेतून उठून आली तरी नीट दिसते. मला वाटलं होतं, तिला असं बघून मला थोडं तरी बरं वाटेल. वाटलं नाही.

"अफ्रे?" ती म्हणाली. "आत आलीस होय?"

"आत्ताच आले."

"मग बाहेर कोण होतं?"

"कुणी नाही."

"तूच होतीस. तुझाच आवाज. 'निके, चल ना. माझं राहिलंय. निके, चल ना.'" तिने माझी नक्कल केली. चांगली केली, ती माझी नक्कल नेहमीच चांगली करते. "दोनदा उठून दारापर्यंत गेले. आईने धरलं."

"माझ्या आवाजात का?"

हे मी का विचारलं, माहीत नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कोण आहे ते, काय आहे ते. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"दुसऱ्या कुणाच्या हाकेला मी तापात उठले असते का?" ती म्हणाली. "आईच्यासुद्धा नाही."

मी खाली बघितलं. एवढी वर्षं मी काजू बघत बसले होते.

मग तो आवाज आला. तिच्या उशाकडच्या भिंतीबाहेरून, उजवीकडून डावीकडे. निकिताने माझं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता.

"हे बघ. तू इथं आहेस," ती कुजबुजली. "तू इथंच आहेस ना?"

खोलीचं मागचं दार गोठ्याकडे उघडतं आणि ते उघडं होतं. दारातून भिंतीचा बाहेरचा कोपरा दिसतो. उन्हं तिरपी झाली होती, कोपऱ्यावर स्वच्छ पिवळा उजेड होता. आवाज त्या कोपऱ्याकडे येत होता. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

कोपऱ्यावर बोटं आली. डाव्या हाताची. फक्त बोटं, पेरांपर्यंत, भिंतीच्या कडेला टेकलेली, जशी कुणी वळण्याआधी टेकवतं. ओली होती. नखांवर मेंदी होती. अर्धी उतरलेली, नखांच्या टोकाकडे सरकलेली.

मी माझा डावा हात बघितला. तो निकिताच्या मुठीत होता. मेंदी तेवढीच उतरलेली होती.

परत वर बघितलं तेव्हा कोपऱ्यावर फक्त ऊन होतं.

"कुणाला सांगू नकोस," निकिता म्हणाली. "आई देवऋष्याला आणेल, सगळं गाव जमेल, आणि नगरचं राहील. शपथ घे. माझ्या डोक्यावर हात ठेव."

मी ठेवला. उजवा.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी फाईल उघडली. मी घातलेल्या दोन्ही ओळी काढल्या. शेवटचा बिंदू पुसला, क्रम निकिताने चालला होता तसा केला. देवळाची रिंग पन्हाळीपाशी पुन्हा उघडी झाली. लाल अक्षरं आली. मला वाटलं, आता थांबेल.

थांबलं नाही. दुपारपर्यंत निकिताच्या घराभोवती आणखी एक रिंग आली, इतकी लहान की ती भिंतीला चिकटलेली दिसत होती. पन्हाळ एकदा ओलांडून झाली होती. जे ओलांडून आलं होतं, ते माझ्या खोडण्याने परत जाणार नव्हतं.

तेवढ्यात सर आले. "अफ्रीन, ही लाल चूक कशाची? काल तर नव्हती. आणि हो, निकिताचं काही खरं दिसत नाही. तयारी ठेव. तूच चल नगरला."

मी खूप दिवस हे वाक्य मनात म्हणून बघितलं होतं, सरांच्या आवाजात. ते आलं तेव्हा छातीत काहीतरी उडालं. हे मी लपवणार नाही. मी डोळ्यांसमोर ते सभागृह बघितलं, माझा इस्त्रीचा गणवेश बघितला, आणि अम्मीने माझ्यासाठी डाव तळापर्यंत घातलेला बघितला. त्यासाठी मला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प बसायचं होतं, आणि ते मला येतं.

मी पुढचे दोन तास गप्प बसले. मग इतिहासाच्या तासाला मला नियम आठवला. पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू एकच हवा. ते जे चालत होतं ते माझ्या फाईलचे सगळे नियम पाळत होतं. रिंग बंद, दिशा उलटी. म्हणजे ते जिथून निघालं तिथेच त्याला परत यावं लागणार. प्रत्येक रिंगेत. आणि निघायची जागा फाईलच्या पहिल्या ओळीत लिहिलेली होती.

शाळा सुटल्यावर मी खोलीत गेले. निकिताच्या घराभोवतीच्या रिंगांत पहिला बिंदू म्हणजे तिचा उंबरठा होता. मी तो पुसला. तिथे आमच्या दाराचे आकडे लिहिले. आधी रेखांश, मग अक्षांश. शेवटी तेच पुन्हा. स्वल्पविराम तपासला. तपासणी चालवली. एकही चूक नव्हती.

मी हे तिच्यासाठी केलं. पण फक्त तिच्यासाठी केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बटण दाबताना मला असंही वाटत होतं की आता बघू. आता कुणाकडे येतंय ते बघू.

७

दोन दिवसांत निकिताचा ताप उतरला. ती शाळेत आली तेव्हा कुत्री तिच्या मागे मागे वर्गापर्यंत गेली. सरांनी मला विचारलं, "अफ्रीन, तुला वाईट नाही ना वाटणार?" मी मान हलवली. निकिता म्हणाली, "सर, हिलाच न्या, मुद्दे हिचेच आहेत, मी पोपट." मी म्हटलं, मला सगळ्यांसमोर बोलता येत नाही. ते खरंच आहे.

जायच्या आधी ती आमच्याकडे आली होती. मेंदीचा कोन मी कपाटातून काढून दिला. तिने कोन उलटसुलट करून बघितला. "संपला होता ना?" म्हणाली. मग हात पुढे केला. मी तिच्या डाव्या तळहातावर वेल काढली, आणि नखं रंगवली.

आज सकाळी सरांच्या गाडीने ती नगरला गेली. मघाशी अम्मीच्या मोबाईलवर सरांनी पाठवलेला फोटो आला. अम्मी मोबाईल घरीच ठेवून गेली आहे. निकिता नकाशाशेजारी उभी आहे, मागे खूप माणसं आहेत आणि ती हसतेय. तिचा डावा हात नकाशावर आहे, आमच्या गावावर.

मोबाईलवर नकाशासुद्धा उघडतो. रिंगा आमच्या घराभोवती येऊन लहान होत गेल्या आहेत. काल संध्याकाळची रिंग अंगणातून जात होती. आज सकाळची भिंतीलगत होती. आत्ता लिहायच्या आधी बघितली ती रिंग एका बाजूने भिंतीच्या आतून जाते. जिथे मी बसले आहे ती बाजू नाही. अजून नाही. मी स्वतःला समजावलं की मोबाईलवर एवढ्याशा अंतराचा फरक पडतोच.

स्वयंपाकघराच्या ओट्याच्या वर, कमरेच्या उंचीला, गिलावा ओला आहे. अम्मी बाजारातून आली की म्हणेल, अब्बाला सांगून छत बघून घ्यायला हवं. मी तिला काही सांगणार नाही. तिने निकिताची चौकशी केली तर फोटो दाखवीन.

घाबरले नाही असं नाही. पण मी एक ठरवलं आहे. हाक आली तर ओ द्यायची नाही. निकिता दारापर्यंत गेली कारण आवाज माझा होता. मला कुणाचा आवाज येईल हे मला माहीत आहे, आणि तो आवाज जिचा आहे ती आत्ता नगरला आहे, तिचा फोटो माझ्यासमोर आहे. एवढी साधी गोष्ट आहे. मी ती इथे लिहून ठेवतेय म्हणजे विसरणार नाही.

भिंतीवरून आवाज यायला लागला आहे. उजवीकडून डावीकडे.

दाराशी थांबला.

"अफ्रे, चल ना. माझं राहिलंय."

तिचाच आवाज आहे. खणखणीत, थोडा हसरा, बोरं खाताना असतो तसा. मी फोटोकडे बघतेय. दार नुसतं लोटलेलं आहे, आणि फटीतून दाराच्या कडेवर बोटं दिसताहेत, नखं ताज्या मेंदीने लाल आहेत, मीच रंगवलेली. मी ओ देणार नाही. पण ती कधीच आमच्या दारात अशी थांबत नाही, ती आधी अम्मीला हाक मारते, नेहमी आधी अम्मीला, आणि आज तिने पहिल्यांदाच आधी मला